सत्तावीस इंची भिंत आणि वायफायचे दोन पांढरे डबे: टीपी-लिंक डेको एम४, वर्षभर वापरून

गेल्या वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे चाळीस पिनाफोर चुकीच्या मापाचे शिवून झाले. इंडीकडच्या एका शाळेची ऑर्डर होती. सरांनी व्हॉट्सॲप कॉलवर "सव्वीस नंबर, चाळीस नग" सांगितलं. मी मागे पत्र्याच्या शेडमध्ये मशिनीपाशी उभी, आवाज तुटत होता, आणि मला "छत्तीस" ऐकू आलं. मी परत विचारलं, तेही तिकडे अर्धवटच पोचलं असणार. सर "हो हो" म्हणाले. माल उघडला तेव्हा दुसरीतल्या पोरींसाठी दहावीच्या पोरींच्या मापाचे पिनाफोर निघाले. शाळा उघडायला थोडेच दिवस होते. तीन रात्री जागून आम्ही दुसरे चाळीस शिवून दिले. कापडाचे पैसे गेले ते गेलेच, पण त्या सरांपुढे मान खाली घालावी लागली ती मला अजून बोचते. म्हणून घरातल्या वायफायवर एवढं सविस्तर लिहितेय. ज्यांचं पोट घरात बसून केलेल्या कामावर आहे त्यांना उपयोग होईल.

आमचं घर सोलापूरच्या उत्तर कसब्यातलं, माळवदाचं. रस्त्याला लागून ओटा, मग सोपा, त्यामागे माजघर, मग स्वयंपाकघर आणि त्याच्या बाजूचा बोळ, मग उघडं परस, आणि परसाच्या टोकाला पत्र्याची शेड. तिथे सहा शिलाई मशिनी आणि कटिंगचं टेबल. सोप्यातून दगडी जिना माडीवर जातो. माडीवर माझी लेक बसते. ती पुण्याच्या एका कंपनीचं काम इथून करते. मी टेप लावून भिंत मोजली: सत्तावीस इंच. दोन्ही अंगांनी काळा दगड, मध्ये माती आणि दगडाची भर. उन्हाळ्यात बाहेर त्रेचाळीस अंश असताना माजघरात पंखा न लावता झोप लागते ती या भिंतींमुळे. पण समोरच्या दारापासून शेडपर्यंत अशा तीन भिंती आहेत, आणि इंटरनेटवाल्यांनी त्यांचा राउटरचा डबा बसवला होता सोप्यात, दाराच्या बाजूला, लोखंडी कपाटाच्या मागे. का तर फायबरची वायर तिथून आत आली.

प्लॅन १०० एमबीपीएस स्पीडचा. सोप्यात मोबाइलवर ९० च्या पुढे मिळायचे. शेडमध्ये २, कधी ३, कधी नुसतंच गोल फिरत राहायचं. माडीवर दिवसा बरं, संध्याकाळी वाईट. लेक मीटिंगला लॅपटॉप घेऊन बाहेर ओट्यावर बसायची, एप्रिलच्या उन्हात, डोक्यावर ओढणी घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या देखत. एक दिवस म्हणाली, "आई, मी पुण्यात रूम बघते." घरात पोर असून केवळ सिग्नलपायी ती जाणार, हे मला पटेना.

पहिल्यांदा मी सगळे करतात तेच केलं. बाजारातून रिपीटर आणला, भिंतीतल्या प्लगमध्ये खोचायचा तो. जिथे सिग्नल नाही तिथे लावायचा असं दुकानात सांगितलं, म्हणून शेडमध्ये लावला. मोबाइलवर सगळ्या दांड्या भरलेल्या दिसायला लागल्या आणि स्पीड मात्र होता तेवढाच. आता कळतं की ते तसंच होणार होतं. रिपीटर नवं इंटरनेट तयार करत नाही, त्याच्यापर्यंत जेवढं पोचतं तेवढंच तो पुढे देतो. आणि साध्या रिपीटरला घेणं आणि देणं एकाच रेडिओवर करायचं असतं, म्हणजे आधी ऐकायचं, मग तेच परत बोलायचं. त्यात स्पीड जवळजवळ निम्मा होतो. दांड्या दाखवत होत्या त्या मोबाइल आणि रिपीटरमधल्या सिग्नलच्या. रिपीटर आणि सोप्यातल्या डब्यामधला सिग्नल मोबाइलवर दिसतच नाही.

मोठ्या अँटेनाचा, जास्त ताकदीचा राउटर घ्या असंही दोघा-तिघांनी सुचवलं. लेकीने समजावलं ते मला पटलं: डबा कितीही मोठ्याने बोलला तरी मोबाइलला तेवढ्या लांबून उत्तर द्यावं लागतं, आणि मोबाइलचा आवाज काही वाढत नाही. शिवाय मोठ्याने बोलायलाही सरकारी मर्यादा असतेच.

मग एका रविवारी मशिनी बंद ठेवून आम्ही दोघींनी घर मोजलं. मोबाइलवर वायफाय ॲनालायझर म्हणून फुकट ॲप मिळतात, त्यात सिग्नल डीबीएममध्ये दिसतो. आकडा उणे असतो. उणे ४० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० च्या खाली गेलं की कामाचा नाही. आणि हे आकडे साध्या वजाबाकीचे नाहीत: तीनने उतरला की ताकद निम्मी, दहाने उतरला की दहावा हिस्सा. मी माझा कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि प्रत्येक चौकटीवर आकडा लिहीत गेले. सोपा उणे ४१. माजघराच्या चौकटीत उणे ५२, पण चौकट ओलांडून भिंतीच्या आड गेलं की उणे ६६. स्वयंपाकघर उणे ७४. शेड उणे ८६. माडीवर खिडकीशी उणे ७०, लेकीच्या टेबलापाशी उणे ७६. दोन पावलांत, नुसतं दारासमोरून बाजूला झाल्याने चौदाचा फरक. आमच्या घरात सिग्नल दारा-खिडक्यांतून फिरतो, भिंतीतून नाही, हे त्या खडूच्या आकड्यांनी डोळ्यांनी दाखवलं.

आमचं वायफाय दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. हे सगळे आकडे २.४ गिगाहर्ट्झचे. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हरतो. आमच्याकडे तो माजघरातच संपायचा. आणि २.४ वर वेगळाच त्रास: पेठेतली घरं भिंतीला भिंत लावून. माडीवर उभं राहून मोजले तर एकोणीस वायफाय दिसले. २.४ मध्ये एकमेकांत न मिसळणारे चॅनल, म्हणजे सिग्नलच्या वाटा, तीनच, १, ६ आणि ११. एकोणीस घरं त्या तिघांत दाटीवाटीने. संध्याकाळी सगळे घरी आले की लेकीची मीटिंग का अडकायची त्याचं कारण हेच.

आता एक गोष्ट सांगते जी मला कुठेही वाचायला मिळाली नव्हती. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, हे सोलापूरकरांना सांगायला नको. स्वयंपाकघराच्या बोळात कट्ट्यावर चार निळे बॅरल आहेत, दोनशे लिटरचे, ओळीने. पाणी आलं की भरून ठेवायचे आणि पुढच्या पाण्यापर्यंत पुरवायचे. मी सवयीने रोज संध्याकाळी परसाच्या दारात आकडा बघायला लागले, तर तो कधी उणे ७५, कधी उणे ८१. आधी वाटलं ॲपच खोटं बोलतंय. पाण्याच्या तीन पाळ्या वहीत लिहून काढल्या तेव्हा दिसलं: पाणी आलेल्या दिवशी आकडा सगळ्यात वाईट, आणि बॅरल रिकामे होत जातील तसा सुधारतो. सोप्यातून परसाकडे येणारी सरळ रेघ त्या बॅरलांतूनच जात होती. पाणी हे रेडिओ लहरी शोषून घेतं. चार बॅरल म्हणजे आमच्या बोळात एक पाण्याचीच भिंत उभी होती, चार-पाच दिवसांनी चढणारी आणि उतरणारी. पावसाळ्यात ओल धरलेली जुनी भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त अडवते तेही याच कारणाने. तुमच्याकडे टाकी, हौद, बॅरल कुठे आहेत ते राउटरची जागा ठरवताना आधी बघा.

घर असं समजल्यावर मग खरेदी. टीपी-लिंक डेको एम४, दोन डब्यांचा संच, मी घेतला तेव्हा सहा हजारांच्या आत-बाहेर. डबा पांढरा, गोल, वीतभर उंच, बाहेर एकही अँटेना नाही. वायफायच्या पाचव्या पिढीचा, म्हणजे वायफाय ५ चा आहे, ६ चा नाही. १०० च्या प्लॅनला त्याने काही अडत नाही. मी हाच का घेतला? प्रत्येक डब्याला वायरसाठी दोन गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे, पोर्ट आहेत. त्याच घराण्यातला डेको ई४ दिसायला सारखा आणि स्वस्त, पण त्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचे. उद्या प्लॅन वाढवला तर वायरीतच अडकायला नको. अशा संचाला मेश म्हणतात. मेश म्हणजे एवढंच की दोन्ही डब्यांचं नाव आणि पासवर्ड एकच, आणि ते एकमेकांना ओळखून काम करतात. आपण सोप्यातून शेडमध्ये चालत गेलो की मोबाइल जवळच्या डब्यावर जातो. कधी जायचं हे शेवटी मोबाइल ठरवतो. माझा जुना फोन पहिल्या डब्याला चिकटून राहतो आणि परस ओलांडल्यावर मग बदलतो. लेकीचा नवा फोन दारातच बदलतो.

आधी मी वायर न टाकता लावून पाहिला. पहिला डबा सोप्यात, दुसरा स्वयंपाकघराच्या खिडकीत, परसाकडे तोंड करून. शेडमध्ये ३ चे १५ झाले. मला आनंद झाला. चार दिवसांनी पाणी आलं, बॅरल भरले, आणि १५ चे ६. दुसरा डबा वर फळीवर, बॅरलांच्या डोक्याच्या वर ठेवला तेव्हा १३ ला स्थिरावला. रिपीटरपेक्षा कितीतरी बरं, पण दोन डब्यांमध्ये त्या भिंती होत्याच. डबे हवेतून बोलणार तर भिंत त्यांनाही तेवढीच.

तेव्हा वायर टाकायची ठरवलं. नवी पेठेतून लॅन वायर आणली आणि ओळखीतल्या एका पोराला बोलावलं. पद्मशाली समाजातला, कॅमेरे बसवायचं काम करतो, मला अक्का म्हणतो. त्याने आल्या आल्या वायरीचं टोक ब्लेडने खरवडलं आणि मला दाखवलं. "अक्का, आतून पांढरं निघालं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. वाकवली की तुटंल. परत करा." खोक्यावर कॅट ६ छापलेलं होतं, पण अस्सल तांबं कुठे लिहिलेलं नव्हतं. दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिली. परसातून ऊन लागणार म्हणून बाहेर टाकायची काळी वायर घेतली. घरातली साधी वायर उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते असं तो म्हणाला, आणि इथलं ऊन मी जाणते. बावीस मीटर लागली. लॅन वायर शंभर मीटरपर्यंत चालते, म्हणजे घरात लांबीची काळजी नाही.

भिंतीला भोक पाडायला मी तयार नव्हते. सत्तावीस इंची दगडात ड्रिल घालायचं म्हणजे आतली माती सुटते, आणि माळवदाच्या घरात एकदा सुटलेली माती थांबवणं अवघड. वायर जिन्याच्या कडेने, माजघराच्या चौकटीवरून, बोळाच्या झरोक्यातून बाहेर आणि परसाच्या भिंतीवर केसिंग पट्टीतून शेडपर्यंत नेली. एकही दगड हलला नाही.

जॅक लावताना मी शेजारी बसून होते. वायरीच्या आत आठ तारा, दोन-दोन पिळलेल्या. त्याने पीळ सोडवून त्या बोटांनी सरळ केल्या, माझ्याकडच्या मुली रिळावरचा दोरा ओढून सरळ करतात तशा, आणि ओळीने लावल्या: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. एकसारख्या कापल्या, जॅकमध्ये सरकवल्या, पकडीने दाबल्या. टेस्टरवर एक, दोन, तीन दिवे लागले, चौथा लागला नाही. निळी तार टोकापर्यंत पोचली नव्हती. मी म्हणाले, इंटरनेट तर सुरू झालंय. तो म्हणाला, "शंभराला चार ताराच लागतात अक्का, म्हणून चालतंय. पुढं प्लॅन वाढवला की तिथंच अडंल." त्याने चालत असलेला जॅक कापून टाकला आणि पुन्हा लावला. आठही दिवे लागले. पिको न करता साडी देणारा आणि काठ बघून देणारा, यांतला फरक मला कळतो. वायर, पट्टी, जॅक आणि मजुरी मिळून अठराशे रुपये झाले, आणि या सगळ्या प्रकरणात सगळ्यात सत्कारणी लागलेले पैसे तेच.

डब्यांच्या जागा शेवटी अशा ठरल्या. इंटरनेटवाल्यांचा डबा जिथे होता तिथेच, पण त्याचं वायफाय बंद. पहिला डेको जिन्याच्या वळणावरच्या देवळीत. तिथून खाली सोपा दिसतो आणि वर माडी. देवळीच्या आत ठेवला तर तीन बाजूंनी दगड, म्हणून देवळीत फळी बसवून डबा तिच्या बाहेर आलेल्या टोकावर ठेवला. एवढ्यानेच लेकीच्या टेबलापाशी आठाचा फरक पडला. दुसरा डेको शेडमध्ये, वायरीने जोडलेला. ॲपमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड निवडला, म्हणजे प्रत्येक मोबाइल-लॅपटॉपला नेटवर्कमधला पत्ता वाटून द्यायचं काम इंटरनेटवाल्यांच्या डब्याकडेच राहतं, दोन डबे तेच काम करत बसत नाहीत. ही निवड ॲपच्या ॲडव्हान्स्ड भागात आहे, पटकन सापडत नाही.

शेडमध्ये आता उणे ४४ आणि ९२ एमबीपीएस. पाणी आलेल्या दिवशीही ९२. माडीवर उणे ५२, स्पीड तेवढाच. पत्र्याबद्दल मला भीती होती, पण झालं उलटं. पत्रा बाहेरचा सिग्नल आत येऊ देत नाही, पण डबाच आत असला की सिग्नल आतल्या आत घुमतो. शेडच्या प्रत्येक कोपऱ्यात मिळतो. परसात मात्र शेडच्या दारासमोरच चांगला, बाजूला कमी.

उन्हाळ्याचं सांगायलाच हवं. या डब्याला कंपनीने ४० अंशांपर्यंतची हवा चालेल असं लिहिलंय. आमच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली त्याहून जास्त असतं. म्हणून डबा पत्र्याजवळ उंचावर न लावता परसाच्या दगडी भिंतीला, छातीएवढ्या उंचीवर, पंख्याच्या वाऱ्यात ठेवलाय. कापडाचे धागे आणि तूस उडतं, ते दर शनिवारी कोरड्या ब्रशने झाडते. हा मे निभावला, एकदाही बंद पडला नाही. सोलापुरात राउटर पत्र्याखाली टांगू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, घरी पाहुणे असतात. नंदीध्वजांची मिरवणूक आमच्याच भागातून निघते, त्यामुळे संक्रांतीच्या सुमारास पंधरा-सोळा मोबाइल एकाच वेळी व्हिडिओ पाठवत असतात. मी ॲपमध्ये पाहुण्यांसाठी वेगळ्या नावाचं वायफाय सुरू केलं, यात्रा संपल्यावर बंद केलं. लेक त्या गर्दीतही माडीवर बसून काम करत होती.

जुळे सोलापूरला किंवा होटगी रोडला नव्या बांधणीचा दोन खोल्यांचा फ्लॅट असेल तर हे सगळं करायची गरज नाही. तिथे राउटर कपाटामागून काढा, घराच्या मध्यावर, माणसाच्या उंचीवर ठेवा, आणि आठवडाभर बघा. राउटरला उभ्या अँटेना असतील तर त्यांचा सिग्नल आडवा पसरतो, वर-खाली कमी जातो. वरच्या मजल्यासाठी एखादी अँटेना आडवी करून पाहा. याला एक रुपयाही लागत नाही.

राहिला लाइटचा प्रश्न. लाइट गेली की मशिनी थांबतात, ते चालतं. पण लेकीची मीटिंग थांबून चालत नाही. तीन डबे म्हणजे तीन ठिकाणी वीज लागते. मी इंटरनेटवाल्यांच्या डब्याला आणि जिन्यातल्या डेकोला छोटे यूपीएस लावलेत, वहीएवढे असतात ते. घेण्याआधी आपल्या ॲडाप्टरवरचा आकडा वाचा. आमचे दोन्ही १२ व्होल्टचे होते. काही कंपन्यांचे ९ व्होल्टचे किंवा ५ व्होल्टचेही असतात, आणि चुकीचा लावला तर डबा जळू शकतो. शेडमधल्या डब्याला अजून लावलेला नाही. या जूनमध्ये ऑर्डरी आटोपल्या की तोही आणणार आहे, कारण इंडीच्या सरांनी यंदा पुन्हा ऑर्डर दिली आहे, आणि मापं ते फोनवरच सांगतात.